ड्रिल उस्तादाचा तयार किट: चकाकीला भुलू नका, मोजपट्टी घेऊन जा

छावणी भागातल्या बूट-बेल्टच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात हल्ली 'ड्रिल इन्स्ट्रक्टर किट' नावाचं एक खोकं मिळतं. आत नाल आणि खिळे ठोकलेले काळे बूट, पितळी बकलचा वेब बेल्ट (जाड विणलेल्या पट्टीचा), पेस स्टिक म्हणजे पावलाचं अंतर मोजायची काठी, शिट्टी आणि लॅनयार्ड (तिची दोरी), पॉलिशची डबी, पितळ घासायच्या ब्रासोची बाटली असं सामान असतं; काही ठिकाणी तयार टोपीही टाकतात. फौजेतल्या उस्तादाला, म्हणजे कवायत शिकवणाऱ्याला, याची गरज नाही, त्याचं सामान त्याची पलटण ठरवते. गिऱ्हाईक असतात एनसीसीचे अंडर ऑफिसर, शाळेत आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) किंवा एमसीसी (महाराष्ट्र कॅडेट कोअर) यांची कवायत घेणारे शिक्षक, सुरक्षा रक्षकांना शिकवणारे आणि पोलीस भरतीच्या अकादम्या चालवणारे प्रशिक्षक.

निकाल आधीच सांगून टाकतो: अख्खं खोकं घेऊ नका. त्यातले बूट बहुधा चुकीच्या तळव्याचे असतात, काठी मापात नसते आणि बकल पितळेचं नसतं. शिट्टी, लॅनयार्ड, पॉलिश ठीक असतात, पण ते कुठेही मिळतं.

मुळात हे सामान चुकीच्या कल्पनेवर बांधलेलं आहे. बनवणाऱ्याला वाटतं, उस्ताद म्हणजे चकाकणारा माणूस. मैदानावर तसं नसतं. उस्तादाच्या अंगावरची प्रत्येक वस्तू काहीतरी काम करते. बूट आवाज देतात, काठी अंतर मोजते, पट्टा आणि शर्टाची घडी शरीराची रेघ दाखवते, म्हणजे खांदा पडला की समोरच्याला लगेच दिसतं. चकाकी ही त्या वस्तू रोज हाताखालून गेल्याची खूण. ती दुकानातून विकत आणता येत नाही, आणि आणली तर टिकत नाही.

बुटांपासून सुरुवात करू, कारण एकूण पैशातला निम्मा हिस्सा तिथेच जायला हवा.

खोक्यातले बूट बहुतेक डीएमएस जातीचे असतात, म्हणजे वरच्या चामड्याला रबरी तळवा साच्यात थेट चिकटवलेला. चालायला, पावसाला, रोजच्या वापराला हे बूट उत्तम. पण त्या रबरात खिळे ठोकले की गडबड सुरू होते. रबर दाबलं की मागे सरकतं आणि पाय उचलला की परत येतं. दर पावलाला खिळा कणभर हलतो, भोक रुंदावतं, आणि काही आठवड्यांत खिळे खुळखुळायला लागतात. मग टाच आपटल्यावर 'ठक्' असा एकच आवाज येण्याऐवजी 'ठक्-खळ' असा तुटका येतो. 'थम'च्या हुकमावर चाळीस टाचांचा आवाज एकत्र आला की नाही हे उस्ताद डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखतो. त्याच्याच बुटाचा आवाज दुभंगलेला असेल तर पोरांनी ताल धरायचा कशावर?

यावर उपाय दोन. एक तर चामड्याच्या तळव्याचे, वेल्टला (वरचं चामडं आणि तळवा जोडणाऱ्या कडेच्या पट्टीला) शिवलेले बूट घ्यायचे. दुकानात ओळखायचं कसं? तळव्याच्या कडेला शिलाईची रांग दिसते, आणि कडेवर नख घासलं की चामड्याचे तंतू दिसतात. टाचेकडे विशेष बघा. पैसे वाचवायला अनेकजण टाच चामड्याच्या भुशाच्या दाबलेल्या पुठ्ठ्याची करतात. बोट ओलं करून टाचेच्या कडेला मिनिटभर धरा. पुठ्ठा असेल तर तिथे फुगवटा येतो आणि नखानं भुसा निघतो. अशा टाचेत नाल पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकली तर नशीब. दुसरा उपाय, हातात असलेल्या डीएमएसलाच मोच्याकडून ४ ते ५ मिलिमीटर जाड चामड्याचा अर्धा तळवा शिवून घ्यायचा, टाचेवर चामड्याचा थर चढवायचा आणि मगच खिळे ठोकायचे. नुसता चिकटवलेला अर्धा तळवा घेऊ नका. टाच आपटण्याचा हिसका डिंक फार दिवस सोसत नाही.

खिळ्यांची रीत ब्रिटिश फौजेच्या अम्युनिशन बुटांवरून आली. आपल्याकडे एका बुटाला तेरा खिळे आणि टाचेला घोडनाल ही मागणी सर्रास केली जाते, आणि मोचीही 'तेरा खिळे' म्हटल्यावर समजून जातात. आकड्यापेक्षा तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. खिळ्याची लांबी तळव्याच्या जाडीपेक्षा निदान २ मिलिमीटर कमी हवी. बूट घेताना हात आत घालून बोटांनी चाचपा, टोक लागलं तर ते तासाभरात पायातही लागणार. सगळ्या खिळ्यांची डोकी एका पातळीत हवीत. बूट सपाट काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवून हलवून बघा, डुगडुगला तर नको. आणि खिळे झिजले की एकदोन बदलायचे नाहीत, त्या बुटाचे सगळे एकदम बदलायचे. नवा खिळा जुन्यापेक्षा उंच राहतो आणि सगळं वजन त्याच्यावर पडतं.

घोडनालेबद्दल खोक्यातल्या बुटांची आमची मोठी तक्रार आहे. नाल टाचेच्या कडेच्या बाहेर आलेली असते. दिसायला भारी वाटतं, पण सावधान होताना दोन्ही टाचा भिडतात तेव्हा एका बुटाची नाल दुसऱ्याच्या टाचेचं चामडं कापते. आठवडाभरात टाचेच्या आतल्या बाजूला पांढरे ओरखडे, आणि त्यांच्यावर कितीही पॉलिश चढवलं तरी ते दिसतातच. नाल कडेपासून २ ते ३ मिलिमीटर आत हवी आणि तिची बाहेरची धार कानशीनं तिरकी घासलेली हवी. खिळ्यांची किंवा स्क्रूची डोकी नालेच्या खाचेत बुडालेली असावीत. डोकं वर राहिलं की आधी तेच झिजतं, मग नाल सुटते, आणि ती सुटते नेमकी परेडच्या दिवशी.

जमिनीचाही हिशोब ठेवा. नालेचा आवाज सिमेंटवर आणि दगडी फरसबंदीवर खुलतो. मुरमाच्या मैदानावर आवाज येत नाहीच, वर खडे खिळ्यांमध्ये अडकतात. मे महिन्यातल्या मऊ डांबरावर नाल रुतून छाप उठतात. शाळेच्या सभागृहातली गुळगुळीत फरशी तर या बुटांची वैरीण. ओली असेल तर टाच आपटताक्षणी पाय पुढे जातो. सभागृहात कवायत असेल तर बिननालेचा दुसरा जोड ठेवा. यात काटकसर करू नका, कंबर मोडण्यापेक्षा बूट स्वस्त.

माप संध्याकाळी घ्यावं, पाय दिवसभरात थोडा फुगतो. जाड मोजे घालून बघा. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीइतकी जागा हवी, पण टाच आत वर-खाली सरकायला नको. टाच सरकणारा बूट दर ठोक्याला पायाला दोनदा मार देतो, एकदा बुटाचा आणि एकदा जमिनीचा.

आता चकाकीकडे येऊ. तयार किटमधले काही बूट दुकानातच आरशासारखे असतात. ती चकाकी मेणाची नाही, प्लास्टिकच्या थराची. अमेरिकेत या जातीला अजून 'कॉर्फम' म्हणतात. ड्युपॉन्ट कंपनीनं हे कृत्रिम चामडं १९६४ मध्ये बाजारात आणलं, १९७१ मध्ये बनवणं थांबवलं, पण नाव फौजी बोलीत राहून गेलं. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं, एवढी त्याची सोय. पण बोटांच्या मुडपीवर एकदा तडा गेला की तो दुरुस्त होत नाही, त्यावर पॉलिश धरत नाही, आणि आत पाय उकडून निघतो. समारंभापुरता ठीक. रोज सकाळी दोन तास मैदानावर उभं राहणाऱ्यानं चामड्यालाच धरून राहावं.

चामड्यावर आरसा उठवायची रीत वेळखाऊ आहे, अवघड नाही. नव्या बुटावर कारखान्याचा पातळ चकचकीत थर असतो. मेण त्यावर बसत नाही. कापसावर थोडं स्पिरिट घेऊन फक्त बुटाची पुढची टोपी (बोटांवरचा कडक भाग) आणि टाच हलक्या हातानं पुसून तो काढा. चामडं दाणेदार असेल तर जुने लोक गरम चमच्याच्या पाठीनं मेण जिरवून दाणे बसवतात. चमचा हाताला सोसेल त्यापेक्षा फार गरम झाला तर चामडं आक्रसतं आणि बूट जन्माचा जातो, म्हणून नवख्यानं हा उद्योग जुन्या बुटावर शिकावा.

पहिले तीन-चार थर ब्रशनं साधे द्या आणि रात्रभर ठेवा. मग खरं काम. जुन्या सुती बनियनचा तुकडा दोन बोटांभोवती घट्ट, एकही सुरकुती न ठेवता गुंडाळा. डबीच्या झाकणात थोडं थंड पाणी घ्या. फडकं किंचित ओलं करा, त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढं पॉलिश घ्या आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलाकारात, जवळजवळ दाब न देता फिरवत राहा. धूसर दिसणारा थर हळूहळू स्वच्छ होत जातो. तो स्वच्छ झाला की पाण्याचा एक थेंब, परत तितकंच पॉलिश. थरामागून थर, मधे पाच-दहा मिनिटं वाळायला. दहा-बारा थरांनंतर खोली यायला लागते. शेवटचा हात पॉलिशशिवाय, ओल्या कापसानं.

पाण्याचं काय काम, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पॉलिशमध्ये मेण विरघळलेलं ठेवणारा द्राव असतो. घासताना उष्णता होते आणि तो द्राव खालचं, आधी बसलेलं मेणही सैल करतो. थंड पाणी वरचा थर थंड ठेवतं आणि फडकं चिकटू देत नाही. म्हणून गरम पाणी घेतलं, पॉलिश जास्त घेतलं किंवा जोर लावला, की तिन्ही वेळा निकाल एकच: दुधाळ, ढगाळ पृष्ठभाग. तसं झालं तर घाबरून सगळं खरवडू नका. फक्त थंड पाण्यानं पाच मिनिटं हलकं फिरवा, बहुतेकदा वर येतं.

डबी किवीची की चेरी ब्लॉसमची, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. किवीला इतिहास मोठा आहे, १९०६ मध्ये मेलबर्नला विल्यम रॅमझीनं ती काढली आणि बायकोच्या न्यूझीलंडवरून नाव दिलं. पण साधं मेण-पॉलिश असेल तर फरक डबीचा कमी, फडक्याचा आणि वेळेचा जास्त. टाळायचं ते स्पंजवालं झटपट द्रव पॉलिश. एकदा त्याचा थर बसला की त्याच्यावर मेण जिरत नाही आणि मुडपीवर तो पापुद्र्यांनी सुटतो. चामडं मऊ करायला लावतात ते ग्रीसही पुढच्या टोपीवर लावू नका, तेलकट चामड्यावर मेण घसरतं.

आरसा फक्त टोपीवर आणि टाचेवर. मधला भाग दर पावलाला मुडपतो, तिथे जाड मेण चढवलं की पहिल्याच कदमतालात (जागच्या जागी पाय आपटताना) तडकतं. तिथे साधं ब्रशचं पॉलिश पुरे. उन्हाचंही ध्यानात घ्या. कामठीला एनसीसीच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. तिथल्या एप्रिल-मेच्या उन्हात काळा बूट इतका तापतो की वरचं मेण मऊ पडतं आणि धूळ पकडतं. अशा दिवसांत थर पातळ ठेवा आणि परेडच्या आधी ओल्या कापसाचा एकच हात फिरवा. खडकवासल्याकडच्या पावसात उलटा त्रास, थेंबांचे डाग आणि आतून बुरशी. बूट भिजले तर वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. गॅसशेजारी ठेवलेला बूट पुढच्या टोपीजवळ फाटलाच समजा.

आता पेस स्टिक. खोक्यातली सर्वात देखणी आणि सर्वात निकामी वस्तू हीच.

दोन लाकडी पाय, वर पितळी बिजागरी, मधे ठरावीक रुंदीला अडकवणारी पट्टी आणि टोकांना पितळी शेंब्या, एवढीच तिची रचना. मूळ तोफखान्याचं. दोन तोफांमधलं अंतर मोजायला तोफखान्यातले लोक कंपासासारखी उघडणारी काठी वापरत, हा मान ब्रिटिश तोफखाना स्वतःकडे घेतो. देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकलेल्यांनी याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. नंतर पायदळानं ती कवायतीसाठी उचलली. काठी फिरवत चालण्याची आजची पद्धत १९२८ मध्ये ब्रिटिश फौजेतल्या आर्थर ब्रँड यांनी बसवली आणि सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत तिच्या स्पर्धा १९५२ पासून सुरू झाल्या.

तिचं काम एकच: पाऊल ३० इंचांचं ठेवणं. आपल्याकडे तेज चालीत मिनिटाला १२० पावलं. गुणाकार करा, ३६०० इंच, म्हणजे बरोबर १०० यार्ड, ९१.४४ मीटर. धीम्या चालीत ७० पावलं. दौडीला १८० पावलं, तीही ४० इंचांची, म्हणजे मिनिटाला २०० यार्ड. आता काठी फक्त अर्धा इंच चुकली तर? तेज चालीत एका मिनिटात तुकडी ५ फूट मागे-पुढे. सलामी मंचापाशी नजर वळवायची खूण ज्या निशाणाशी ठरवली, ते निशाण पाच फुटांनी चुकतं. मग लोक बँडला दोष देतात.

म्हणून दुकानात मोजपट्टी न्यायची ती यासाठी. काठी ३० च्या खाचेवर अडकवा आणि शेंबीच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा, ७६.२ सेंटीमीटर यायला हवं. शेंबीच्या मध्यापासून मोजून '३०' कोरलेल्या काठ्या बाजारात भरपूर आहेत. त्याहून पक्की चाचणी जमिनीवर: खडूनं २५ फुटांची, म्हणजे ७.६२ मीटरची रेघ ओढा आणि काठी दहा वेळा टाकत जा. पाव इंचाची चूक तिथे अडीच इंचांची होऊन समोर येते. मग काठी उघडलेल्या अवस्थेत जमिनीवर टेकवून वरून दाबा. पट्टी खाचेतून निसटली तर परत करा. बंद काठी उजेडापुढे धरा, दोन पायांमध्ये फट दिसू नये. दिसली तर लाकूड वाकलेलं आहे.

लाकूड कोणतं घ्यावं? शिसवी उत्तम, चांगलं वाळलेलं सागवानही चालतं. रंग दिलेलं हलकं लाकूड ओळखायला बिजागरीच्या स्क्रूपाशी बघा, तिथे रंग तडकलेला असतो. कोकणातल्या दमट हवेत लाकूड फुगून बिजागरी आवळते, मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच सैल होते. सैल बिजागरीची काठी फिरवताना पाय आपोआप फाकतो आणि शेजारच्याच्या नडगीवर बसतो. ऋतू बदलला की स्क्रू पाव फेरा कमी-जास्त करायचा आणि लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा, इतकंच.

शेंब्या झिजतात हे विसरू नका. सिमेंटवर रोज चालवली तर टोकं खाली येतात. ३६ इंची पाय पाव इंच झिजला तर दोन टोकांमधलं अंतर सुमारे पाव इंचाला थोडं कमी इतकं घटतं, आणि मिनिटाला तुकडी दोन फूट मागे राहते. सहा महिन्यांनी परत खडूची रेघ काढून तपासा आणि शेंब्या जोडीनंच बदला.

काठीचा दुसरा उपयोग अगदी साधा आणि तो कुणी करत नाही. सावधानात टाचा जुळलेल्या आणि पंजे ३० अंशांत उघडे हवेत. नेहमीच्या मोठ्या मापाच्या बुटांना ते दोन टोकांमध्ये साधारण साडेपाच इंच येतं. विश्राममध्ये पायांतलं अंतर १२ इंच. काठीवर १२ ची खाच असेल तर नव्या पोरांसमोर जमिनीवर धरून दाखवा. तोंडी दहा वेळा सांगण्यापेक्षा ते लवकर बसतं. ज्यांना काठी फक्त काखेत आडवी धरून फोटो काढायचा आहे त्यांनी कोणतीही घ्यावी.

बेल्ट. इथे खिशात लोहचुंबक घेऊन जा. बकल चिकटलं तर ते लोखंड आहे, वर पितळेचा मुलामा. ब्रासोमध्ये घासणारी बारीक पूड असते. महिनाभर रोज घासलं की मुलामा उडतो, आधी कोपऱ्यांवर करडे ठिपके आणि पावसाळ्यात गंज. याउलट सोनेरी रंगाची अॅल्युमिनियमची बटणं चुंबकाला चिकटत नाहीत म्हणून ती पितळेची समजून लोक घासतात. त्यांचा सोनेरी थर ब्रासोनं निघून खाली पांढरं पडतं. ती फक्त साबणाच्या पाण्यानं पुसायची. खरं पितळ नवं असेल तर त्यावर लाखेचा पारदर्शक थर असतो. तो काढल्याशिवाय कितीही घासा, फरक पडत नाही. घासताना बकलखाली जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा सरकवा, नाहीतर वेबवर हिरवट-काळा डाग पडतो आणि तो ब्लँकोखालीही (वेब पट्ट्याला द्यायच्या रंगाच्या लेपाखालीही) झिरपून दिसतो. ब्लँको पातळ लावा आणि पूर्ण वाळू द्या. जाड थर बसताक्षणी तडकतो आणि गडद पँटवर त्याची भुकटी सांडते.

कपड्यांच्या कडकपणाबद्दल थोडंच. खळ फक्त सुती कपड्याला. एक लिटर पाण्याला दोन टेबलचमचे आरारूट, आधी थंड पाण्यात कालवून मग उकळत्यात सोडायचं, पारदर्शक झालं की मलमलीतून गाळायचं. कपडा उलटा करून बुडवायचा, सावलीत वाळवायचा, पाणी शिंपडून अर्धा तास गुंडाळून ठेवायचा आणि आतून इस्त्री करायची. टेरीकॉटला खळ लावली तर ती धाग्यात न जिरता वर राहते आणि कोपरावर पांढरी पपडी दिसते. टेरीकॉटच्या घडीसाठी आतल्या बाजूनं कोरडा साबण रेघेत घासून वरून ओलं फडकं ठेवून इस्त्री, ही जुनी युक्ती अजून सगळ्यात चांगली. एका बाहीवर दोन समांतर घड्या पडल्या की ती चूक लांबूनही दिसते. तो भाग पूर्ण ओला करून सपाट केल्याशिवाय नवी घडी टाकू नका. खळ लावलेला गणवेश पावसाळ्यात पेटीत ठेवला तर कसर लागते, म्हणून साठवायचा तो धुऊन, बिनखळीचा.

टोपीच्या बाबतीत तयार किट हास्यास्पद होतो. उस्तादाची ओळख प्रत्येक फौजेत वेगळ्या वस्तूवर आहे. अमेरिकन मरीनमध्ये ती रुंद, ताठ काठाची कॅम्पेन हॅट. ती १९५६ मध्ये त्यांच्या उस्तादांना मिळाली आणि अमेरिकन लष्कराच्या उस्तादांना १९६४ मध्ये. त्यांच्यातला मुख्य उस्ताद काळ्या चामडी पट्ट्यावरून ओळखू येतो, बाकीचे हिरव्या वेब पट्ट्यात. ब्रिटिश पायदळात सार्जंटच्या उजव्या खांद्यावरून जाणारा लाल सॅश (कापडी पट्टा), आणि गार्ड्समध्ये टोपीची चोच जवळजवळ सरळ खाली उतरलेली, म्हणजे पुढचं बघायचं तर मान ताठ ठेवावीच लागते. भारतीय अकादमीच्या ड्रिल स्क्वेअरवर (कवायतीच्या मैदानावर) उभा असलेला उस्ताद मात्र आपल्या पलटणीचं शिरस्त्राण घालून येतो. शीख उस्तादाची पगडी, गोरखा उस्तादाची तिरपी हॅट, मराठा लाइट इन्फन्ट्रीची हिरवी बेरे टोपी. एका ओळीत वेगवेगळी डोकी. मग खोक्यातली 'इन्स्ट्रक्टर टोपी' कुणाची? कुणाचीच नाही. ज्या संस्थेत शिकवता तिच्या नियमातली टोपी घ्या आणि बेरे असेल तर ती डोक्यावर ओली बसवून, बिल्ला डाव्या डोळ्यावर आणि कापड उजवीकडे ओढून, तशीच वाळू द्या. धुण्याच्या यंत्रात टाकलेली बेरे परत माणसात येत नाही.

काही किटमध्ये लष्कराच्या नव्या डिजिटल नक्षीचा शर्ट किंवा पदकांच्या रंगीत फिती 'भेट' म्हणून असतात. ती भेट दुकानातच ठेवा. २०२२ मध्ये आलेल्या त्या गणवेशाच्या नक्षीचे हक्क लष्करानं नोंदवून घेतले आहेत, आणि सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून तसा वेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खासगी अकादमीच्या प्रशिक्षकांनी साधा एकरंगी गणवेश आणि संस्थेचा बिल्ला यावर थांबावं. शिकवणं चांगलं असेल तर फितीची गरज पडत नाही.

खरेदीची शेवटची गोष्ट, आणि पैसे बहुधा इथेच बुडतात. नाल आणि खिळे ठोकलेले बूट दुकानं सहसा परत घेत नाहीत. म्हणून बूट कोरे, बिननालेचे घ्या, परतीची मुदत पावतीवर लिहून घ्या आणि घरी सतरंजीवर दोन दिवस, जाड मोजे घालून, रोज तासभर कदमताल करून बघा. तळवा कोरा राहतो, पायाची टाच सोलवटली तर जोड बदलून मिळतो. माप पक्कं झाल्यावरच मोच्याकडे जा, आणि नाल बसवताना तिथेच उभे राहा.